पडद्यावरचा तुरुंग आणि आपल्या गल्लीतला कैदी

(युवक-युवतींच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



काल रात्री जेवणानंतर तुम्ही सगळे अंगणात गप्पा मारत बसला होतात. मीही बाजूला बसून ऐकत होतो. कुणी 'क्रिमिनल जस्टिस'बद्दल बोलत होतं, कुणी 'ब्लॅक वॉरंट'बद्दल. एकाने 'शॉशँक रिडेम्प्शन' सात वेळा पाहिल्याचं सांगितलं. मग विषय निघाला जेलमधून पळून जाण्याचा, आणि तो अर्धा तास चालला. आयोजकांनी मला 'तरुण आणि संविधान' हा विषय दिला होता. रात्री झोपताना वाटलं, तुम्ही ज्यावर बोलत होतात त्यावरच बोलावं. संविधान त्यात आपोआप येईल. म्हणून आज आपण तुरुंगावरच्या सिनेमांबद्दल आणि मालिकांबद्दल बोलणार आहोत.

सुरुवात एका घरगुती गोष्टीने करतो. आमच्या गल्लीत एक भाईजान होते. त्यांचं नाव सांगत नाही, कारण त्या घराला आता कुठे शांतता मिळाली आहे. ते गॅरेजमध्ये काम करायचे. माझी सायकल पंक्चर झाली की पैसे न घेता काढून द्यायचे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका रात्री पोलीस त्यांना घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर त्यांचा चेहरा होता, भोवती लाल गोल काढलेला, खाली मोठ्या अक्षरांत 'मास्टरमाइंड'. अम्मी म्हणाली, "त्यांच्या घरी जाऊन ये, चाची एकटी आहे." मी गेलो नाही. मला भीती वाटली हे खरं. पण त्याहून वाईट गोष्ट अशी की मला ती बातमी खरी वाटली. बारा वर्षं ओळखत असलेल्या माणसापेक्षा मी बारा सेकंदांच्या क्लिपवर विश्वास ठेवला.

साडेपाच वर्षांनी न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्या दिवशी टीव्हीवर ना गोल होता, ना चेहरा.

बातमी मला इतक्या सहज का खरी वाटली, हा प्रश्न मी पुढे अनेक वर्षं स्वतःला विचारत राहिलो. त्याचं एक उत्तर असं की त्याआधी मी शेकडो सिनेमे पाहिले होते. पोलीस घेऊन जातात तो गुन्हेगार असतो, खोलीत दोन थपडा बसल्या की तो खरं बोलतो आणि जेलमध्ये असतो तो तिथेच असायच्या लायकीचा असतो, हे सगळं मी पडद्यावर शिकलो होतो.

आत कोण आहे?

सिनेमातला कैदी बहुतेक वेळा शिक्षा झालेला असतो. त्याने काहीतरी केलेलं असतं, किंवा निदान न्यायाधीशाने हातोडा आपटून तसं सांगितलेलं असतं. आपल्या देशातल्या तुरुंगांत प्रत्यक्षात कोण आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२, म्हणजे जवळपास ७६ टक्के, कच्चे कैदी होते. कागदावर त्यांना न्यायाधीन बंदी म्हणतात. ज्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, तो कच्चा कैदी. तुरुंगातल्या चार माणसांपैकी तिघे कायद्याच्या नजरेत आज निर्दोष आहेत.

हे तिघे कोण आहेत? २०१९ च्या आकडेवारीत कच्च्या कैद्यांमध्ये मुस्लिमांचं प्रमाण १८.७ टक्के होतं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येतला आपला वाटा १४.२ टक्के आहे. हा आकडा ऐकला की आपल्या सभांमध्ये लगेच उसासे पडतात. पण त्याच अहवालात पुढेही वाचायचं असतं. दलित २१ टक्के, आदिवासी १०.५ टक्के. म्हणजे बराकीत आपला शेजारी कोण असतो ते बघा. गरीब, कमी शिकलेला, वकील न परवडणारा माणूस तिथे असतो, मग त्याचं नाव काहीही असो. हा प्रश्न फक्त आपला आहे असं म्हणणं चूक आहे. तो आपला नाहीच, असं म्हणणंही तितकंच चूक.

सिनेमाला कच्चा कैदी फारसा आवडत नाही, कारण त्याच्या आयुष्यात काही घडतच नाही. तो वाट बघतो. तारखेची वाट, मुलाकातीची वाट, कोर्टात नेणाऱ्या पोलीस पार्टीची वाट. पार्टी आली नाही की तारीख गेली. वाट बघण्याचं चित्रीकरण कसं करणार?

एका मराठी दिग्दर्शकाने ते करून दाखवलं. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' तुम्ही पाहिला नसेल तर घरी गेल्यावर पाहा. २०१४ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. नारायण कांबळे नावाच्या लोकशाहिरावर आरोप असा की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली. कांबळेंची भूमिका नागपूरचे वीरा साथीदार यांनी केली होती. ते स्वतः आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते होते. या सिनेमात मारहाण नाही, ओरडणारा इन्स्पेक्टर नाही, 'तारीख पे तारीख'सारखं भाषण नाही. पुढची तारीख दिली जाते, एवढंच. साक्षीदार येत नाही. वकील जाड्या कायद्यातली कलमं एकसुरात वाचून दाखवतात. शाहीर एकदा जामिनावर सुटतो आणि पुन्हा पकडला जातो. मग कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि न्यायाधीश सहलीला जातात. सिनेमात कुणीही दुष्ट नाही. प्रत्येक जण आपलं काम करून घरी जातो. एकटा शाहीर तेवढा घरी जात नाही. भाईजानांची साडेपाच वर्षं कशी गेली असतील ते मला पहिल्यांदा या सिनेमाने समजावलं.

'बोलता है या नहीं?'

आता दुसरी शिकवण, थपडा बसल्या की माणूस खरं बोलतो ही. आपल्या सिनेमांतला सगळ्यात लोकप्रिय इन्स्पेक्टर तोच, जो कोठडीचं दार लावून बाह्या वर सारतो. थिएटरमध्ये टाळ्या पडतात. मीही वाजवल्या आहेत.

कायदा काय म्हणतो? पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. हा नियम कुठल्या मानवाधिकारवाल्याने आणलेला नाही. तो १८७२ च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनी लिहिला. आज भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात तो तसाच आहे. पोलीस कोठडीत माणूस काहीही कबूल करतो, हे राज्य करणाऱ्या इंग्रजांनाही ठाऊक होतं. पुढे आपणच टाडामध्ये आणि महाराष्ट्रातल्या मोक्कामध्ये या नियमाला अपवाद केला. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब त्यांत चालतो.

वेट्रीमारन यांचा 'विसारणै' हा तमिळ सिनेमा या विषयावर आहे. आंध्रातल्या गुंटूरमध्ये मजुरी करणारी तमिळ पोरं. एका चोरीचा तपास लवकर संपवायचा आहे, म्हणून पोलीस त्यांना उचलतात. त्यांना फक्त 'होय, आम्ही केलं' एवढंच म्हणायचं आहे. कोइमतूरचे रिक्षाचालक एम. चंद्रकुमार यांनी स्वतः भोगलेल्या कोठडीवर पुस्तक लिहिलं, त्यावर हा सिनेमा उभा आहे. पाहायला कठीण आहे. पण तो पाहिल्यावर 'सिंघम' बघताना तुमचे हात टाळीसाठी उठणार नाहीत.

अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. '२४' नावाची मालिका होती. आपल्याकडे अनिल कपूरनी तिची हिंदी आवृत्ती केली. त्यात नायक बॉम्ब फुटायच्या आत माणसांचा छळ करून माहिती काढतो, आणि ती माहिती बहुतेक वेळा खरी निघते. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचे डीन, ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन, काही अनुभवी चौकशी अधिकाऱ्यांना घेऊन या मालिकेच्या निर्मात्यांना भेटायला गेले. म्हणाले, छळ केला की काम होतं असं दाखवणं थांबवा, आमच्या विद्यार्थ्यांना ते खरं वाटू लागलं आहे. विचार करा. कायदा शिकवणारा एक जनरल टीव्हीवाल्यांकडे जाऊन सांगतो की तुमची मालिका माझ्या वर्गातली शिकवण पुसून टाकते आहे. सैन्यातल्या पोरांची ही गत, तर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या माझं काय होणार?

न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली सेंट्रल पार्कमधल्या एका बलात्कारासाठी पाच मुलांना पकडलं. १४ ते १६ वर्षांची, काळी आणि लॅटिनो मुलं. तासन् तास चौकशी झाली आणि त्यांतल्या चौघांनी कॅमेऱ्यासमोर कबुली दिली. पाचही जणांना शिक्षा झाली. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराने कबुली दिली, डीएनए जुळला आणि पाचही जणांवरची शिक्षा रद्द झाली. त्यांच्यावर एवा ड्युव्हर्ने यांनी २०१९ मध्ये 'व्हेन दे सी अस' ही चार भागांची मालिका केली. त्या पाचांपैकी युसेफ सलाम हा मुस्लिम मुलगा २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या कौन्सिलवर निवडून आला. मालिका पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मुलं खोटं बोलली कारण त्यांना घरी जायचं होतं. 'एवढं म्हण, मग सोडतो.' ही भाषा न्यूयॉर्क काय आणि आपलं तालुक्याचं ठाणं काय, सारखीच आहे.

नाव काय?

बीबीसीने २००८ मध्ये 'क्रिमिनल जस्टिस' केली. एक तरुण जागा होतो, घरात मुलीचं प्रेत, रात्रीचं काही आठवत नाही. ब्रिटिश मालिकेत तो बेन नावाचा गोरा मुलगा आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत तीच गोष्ट 'द नाइट ऑफ' म्हणून आली. तिथे तो नासिर खान झाला, पाकिस्तानी टॅक्सीवाल्याचा मुलगा. २०१९ मध्ये आपल्याकडे हिंदीत आली, तेव्हा तो आदित्य शर्मा झाला. तिन्ही एकामागोमाग पाहा. अमेरिकन मालिकेत मुलगा पकडला गेल्यावर बापाची टॅक्सी अडकते, आईचं काम जातं, शहरात कुणाकुणाला मार बसतो. आरोप एकावर आणि शिक्षा सगळ्या समाजाला. नाव बदललं की गोष्ट इतकी बदलते. मी हिंदीवाल्यांना दोष देत नाही, मूळ मालिकेतही धर्माचा विषय नव्हता. पण आपल्याकडे हे नाव नासिर ठेवलं असतं तर पहिल्याच भागात किती प्रेक्षकांनी त्याला निर्दोष मानलं असतं? हा प्रश्न तुम्ही स्वतःलाही विचारा. माझं उत्तर मी मघाशी दिलं आहे.

नासिरची भूमिका रिझ अहमदने केली आणि त्यासाठी त्याला एमी पुरस्कार मिळाला. त्याची सुरुवात २००६ च्या 'द रोड टू ग्वांतानामो'पासून झाली होती. ब्रिटनमधल्या टिप्टन गावचे तीन तरुण ग्वांतानामोच्या छावणीत दोन वर्षांहून अधिक काळ अडकले, त्यांची ती गोष्ट. बर्लिनच्या महोत्सवात सिनेमा दाखवून परतताना ल्यूटन विमानतळावर रिझ अहमदलाच अडवून चौकशी केली गेली. कैद्याची भूमिका करणारा नट स्वतःच ताब्यात!

ग्वांतानामोची छावणी ११ जानेवारी २००२ रोजी सुरू झाली. सुमारे ७८० माणसं तिथे नेली गेली. त्यांतल्या बहुतेकांवर कधीही आरोपपत्र दाखल झालं नाही. मोहम्मदू उल्द सलाही हा मॉरिटानियाचा माणूस तिथे १४ वर्षं होता. २०१६ मध्ये सुटला, त्याच्यावर खटला चाललाच नाही. त्याने छावणीतच इंग्रजी शिकून रोजनिशी लिहिली. ती छापली तेव्हा सरकारने ओळीच्या ओळी काळ्या केल्या होत्या. त्यावर २०२१ मध्ये 'द मॉरिटॅनियन' आला.

या सिनेमातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं पात्र सलाही नाही, त्याची वकीलही नाही. ते आहे सरकारी वकील स्टुअर्ट काउच. हा खराखुरा माणूस आहे. सैन्यातला अधिकारी, धार्मिक ख्रिश्चन. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात त्याचा वैमानिक मित्र मारला गेला होता. सलाहीला फाशीपर्यंत नेण्याचं काम त्याच्याकडे आलं. कागद पाहताना त्याला कळलं की कबुली छळातून आली आहे, आणि त्याने खटला चालवायला नकार दिला. मित्राला न्याय मिळावा असं त्याला वाटत होतंच. पण खोट्या पुराव्याने मिळालेला न्याय त्याला नको होता.

जखमी दोन्ही बाजूंना

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आता मुंबईकडे यायचं आहे. ११ जुलै २००६ ला लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली. त्यांच्या घरांत आजही ती संध्याकाळ संपलेली नाही. आपण निर्दोष कैद्यांबद्दल बोलतो तेव्हा या घरांना विसरलो तर आपलं बोलणं खोटं ठरेल.

त्या खटल्यात १३ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांत वाहिद शेख हे शाळेतले शिक्षक होते. नऊ वर्षांनी, २०१५ मध्ये, विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं आणि बाकी १२ जणांना शिक्षा सुनावली, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. वाहिद शेख यांनी 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिलं. सुदर्शन गमारे या तरुण दिग्दर्शकाने त्यांच्यावर 'हीमोलिम्फ' हा सिनेमा केला, तो २०२२ मध्ये आला. मोठे नट नाहीत, मोठा पैसा नाही. मग २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या १२ जणांनाही निर्दोष ठरवलं. त्यांतला एक जण २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. त्याला हा निकाल कळलाच नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, एवढी स्थगिती तिथे मिळाली. सुटलेल्यांना परत आत पाठवलेलं नाही.

१९ वर्षं. ज्यांची माणसं गेली त्यांनी त्या दिवशी विचारलं, मग केलं कुणी? हा प्रश्न त्यांचा आहे आणि सुटलेल्यांचाही आहे. चुकीचा माणूस आत टाकला की खरा गुन्हेगार बाहेर राहतो. म्हणून छळाला विरोध करणं म्हणजे गुन्हेगाराची बाजू घेणं नव्हे. ती मेलेल्यांची बाजू आहे.

याच खटल्यातल्या काही आरोपींचे वकील होते शाहिद आझमी. हंसल मेहतांचा 'शाहिद' तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिला असेल. राजकुमार रावला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाहिद स्वतः टाडाखाली तिहारमध्ये होते. तिथे शिकले, बाहेर येऊन वकील झाले. २६/११ च्या खटल्यात त्यांनी एका भारतीय आरोपीचं वकीलपत्र घेतलं. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात त्यांना गोळ्या घातल्या. वय ३२. तीन महिन्यांनी, मे २०१० मध्ये, त्यांचा तो अशील निर्दोष सुटला, आणि तो निकाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. शाहिद यांनी जे शस्त्र वापरलं ते उलटतपासणीचं. रागावायला त्यांच्याकडे कारणं कमी नव्हती, पण त्यांनी रागाने पुरावा खोडला नाही, पुराव्याने पुरावा खोडला.

आपल्या मातीतलं

आता जरा मोकळा श्वास घेऊ. 'दो आँखें बारह हाथ' तुमच्या आजी-आजोबांनी पाहिला असेल. व्ही. शांतारामांचा १९५७ चा सिनेमा, कथा ग. दि. माडगूळकरांची. एक जेलर खुनाच्या सहा कैद्यांना तुरुंगाबाहेर माळरानावर नेतो आणि त्यांच्याबरोबर शेती करतो. ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या, गांधीजींजवळच्या माणसाने ती सुचवली आणि औंधच्या राजाने मान्य केली. भिंत नाही, साखळी नाही, कुटुंबाबरोबर राहायचं आणि शेती करायची. सांगली जिल्ह्यातली ही वसाहत आजही आहे. इथे सांगलीची पोरं आहेत ना? किती जण तिथे गेलात? कुणीच नाही. पळून जाण्याचे सिनेमे आपण सात वेळा पाहतो आणि जिथून पळायची गरज पडत नाही असा तुरुंग आपल्याच जिल्ह्यात आहे हे आपल्याला माहीत नसतं.

आपल्या एका सवयीबद्दलही बोलायला हवं. आपल्या काही पोरांच्या स्टेटसवर जेलमधून सुटून येणाऱ्या भाईची मिरवणूक असते. गाड्यांचा ताफा, फटाके, मागे सिनेमातलं गाणं. निर्दोष सुटलेल्या शिक्षकाचं स्वागत मात्र कुणी करत नाही, त्याच्या घरी जायलाही घाबरतात. डॉनवरच्या सिनेमांनी आपल्याला तुरुंग म्हणजे मर्दानगीचं सर्टिफिकेट असं शिकवलं आहे. ज्याने खरंच खंडणी मागितली, ड्रग्ज विकली, त्याला शिक्षा व्हायलाच हवी. तो आपल्या समाजाचा आहे म्हणून त्याला सूट नाही. न्याय मागायचा तर सरळ मागायचा.

आणि या सिनेमांत बायका कुठे आहेत? मुलाकातीच्या जाळीपलीकडे रडताना. आमच्या चाचीने साडेपाच वर्षं काय केलं ते कुठल्याच मालिकेत नाही. पहाटेची एसटी, जेलच्या दारात रांग, आधार कार्डाची झेरॉक्स, मग जाळीपलीकडून काही मिनिटं. आत मनीऑर्डर पाठवायची म्हणून तिने शिलाई मशीन घेतलं. सुनेला माहेरी पाठवू नका असं ती लोकांना विनवत राहिली. मधे एकदा जामीन मंजूर झाला, तर जामीनदार मिळेना. ज्याच्याकडे घर आहे, सात-बारा आहे, असा एकही माणूस सही करायला तयार होईना. त्यात आमचंही घर होतं. अब्बांनी नाही म्हटलं नाही, फक्त 'बघू' म्हटलं. सात महिने ते जामिनाचा कागद असूनही आत होते.

बाईचीच आणखी एक गोष्ट, जिच्यावर मालिका व्हायला हवी. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांच्या बातम्या वर्तमानपत्रात आल्या. ज्या गुन्ह्याला शिक्षा झाली असती त्याहून जास्त वर्षं माणसं आत होती. कपिला हिंगोरानी या वकील बाईंनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पहिलं नाव होतं हुसैनआरा खातून, एका कैदी बाईचं. न्यायालयाने सांगितलं की लवकर खटला चालणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे अनुच्छेद २१ चा भाग आहे. हजारो कैदी सुटले. आज देशात कुणीही कच्च्या कैद्याचा हक्क मागतो तेव्हा तिच्या नावाचा खटला दाखवतो. आपल्या पोरींना झाशीची राणी माहीत असावी, फातिमाबी शेख माहीत असाव्यात, आणि हुसैनआरा खातूनही माहीत असावी.

मग करायचं काय?

सिनेमे बघणं सोडू नका. १९८८ मध्ये एरॉल मॉरिसने 'द थिन ब्ल्यू लाइन' हा माहितीपट केला, त्यातून साक्षी खोट्या असल्याचं उघड झालं, आणि १२ वर्षं आत असलेला रँडल अ‍ॅडम्स पुढच्या वर्षी सुटला. सिनेमात एवढी ताकद असते. पण बघताना तीन प्रश्न विचारा. हा माणूस शिक्षा झालेला आहे की कच्चा कैदी? याची कबुली कुणासमोर आणि कशी आली? आणि कॅमेरा याच्या घरी गेला का?

आणि हे पाठ करा, परीक्षेसाठी करता तसं. अटक झाली की कारण सांगावं लागतं. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, तसं संविधानाचं अनुच्छेद २२ सांगतं. घरच्यांना कळवावं लागतं. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियमच घालून दिले आहेत. वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मिळतो. तो उपकार नाही, हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक जिल्हा न्यायालयात असतं. हेल्पलाइन १५१००, आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पूर्वी कधीही कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडण्याचा विचार करावा लागतो. जन्मठेप-फाशीच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, अनेक गुन्हे दाखल असतील तर अडचणी आहेत. पण तुमच्या गल्लीतल्या चोरीच्या आरोपातल्या पोराला ते लागू होऊ शकतं, आणि त्याच्या आईला ते माहीत नसतं. तुम्ही सांगा. तुमच्यातले दोघे-तिघे लॉ करत आहेत, त्यांनी महिन्यातून एक दिवस यासाठी काढा.

आणि चौथी गोष्ट, जिला कायद्याचं शिक्षण लागत नाही. गल्लीत कुणाला पकडलं तर ती क्लिप पुढे पाठवू नका, आणि त्या घरी जा. आरोपी निर्दोष आहे याची खात्री झाल्यावर नाही, आधी जा. कारण त्या घरातल्या आईने तर काहीच केलेलं नसतं.

भाईजान आता पुन्हा गॅरेज चालवतात. गेल्या वर्षी मी हिंमत करून त्यांच्या घरी गेलो. त्यांचा मुलगा मोबाइलवर कुठलीतरी जेलची मालिका बघत होता. मी विचारलं, "हे तुम्हाला बघवतं का?" ते हसले. म्हणाले, "यांचं जेल फार अंधारं असतं रे. आत तर रात्रभर लाइट चालू असते. झोपच लागत नाही. अजूनही मी बत्ती बंद करून झोपलो की दचकून उठतो."

मी माफी मागायला गेलो होतो. शब्द सापडेनात. चाचीने चहा आणला आणि विचारलं, "इतने दिन कहाँ था बेटा?"

याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. तुमच्यावर कुणी हा प्रश्न विचारायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी आज इतकं बोललो.